न पडलेला डाग

आक्कांच्या उजव्या डोळ्याचं जे झालं त्यात माझा वाटा किती, हे मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं सगळाच माझा. कधी वाटतं, छे, मी कोण, साधा भाडेकरू. डॉक्टर म्हणाले वयोमान. त्या वयोमानाला धरून मी चार दिवस बरा असतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच डोक्यात घोळायला लागतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं मांडून तरी बघावं.

मी साताऱ्याकडचा. सांगलीत हळदीच्या गोदामात नोकरी लागली तेव्हा खोली शोधत हिंडत होतो. घरमालक लोक खोली द्यायच्या आधी काय काय विचारतात ते विचारू नका. आडनाव, गाव, लग्न, मटण. आक्कांनी यातलं एकही विचारलं नाही. ओसरीवर बसल्या होत्या. डावा डोळा मिटला, उजव्यानं माझ्या शर्टाची बाही बघितली आणि म्हणाल्या, "हळद. ओली का भुकटी?"

"अं?"

"ओल्या हळदीचा डाग वेगळा, भुकटीचा वेगळा. तू कशात हाईस?"

"भुकटीत. गोदामात आहे मी."

"घाम किती येतो?"

आता याला काय उत्तर द्यायचं? बराच येतो म्हणालो. "मग ऱ्हा," आक्का म्हणाल्या आणि किल्ली पुढं केली. मला खोली मिळाली ती घामावर, असं मी गावाकडं अजून सांगतो.

घर जैनांचं. आक्का दिवस मावळायच्या आत जेवायच्या. कांदा-लसूण घरात नाही, बटाटाही नाही. उगाच फसवणूक नको म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की आक्का, मी मटण खातो. त्या म्हणाल्या, "भायेर खा. काय खाशील ते तुझं तुला लखलाभ. डाग मात्र मला दावायचा."

हे डाग दाखवणं मी थट्टेवारी नेलं होतं. पण तसं नव्हतं. संध्याकाळी फाटक उघडलं की, "थांब" असा आवाज यायचा. मग पुढनं, मग मागनं, मग हात वर करून. नीट बघायचं म्हटलं की आक्का डावा डोळा मिटायच्या. सोनार भिंग लावतो तसा त्यांचा तो उजवा डोळा. मी तिशीचा बाप्या माणूस, रोज संध्याकाळी ओसरीवर हात वर करून उभा. समोरच्या घरातल्या वहिनी दारात तांदूळ निवडत हे बघायच्या आणि खुशाल हसायच्या.

आक्कांजवळ एक मोठा स्टीलचा डबा होता. त्यात खडू, बेसन, मीठ, खायचा सोडा, टाल्कम पावडर, जुने टूथब्रश, आणि अलीकडं सॅनिटायझरची बाटली. पेनच्या शाईला सॅनिटायझरसारखं दुसरं काही नाही, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना फार गर्व होता. गल्लीतल्या बायका कपडे घेऊन यायच्या. पण आक्का आधी कपड्याला हात लावायच्या नाहीत. आधी चौकशी. कशाचा डाग? चहाचा. दुधाचा चहा का कोरा? दुधाचा. मग आधी गार पाणी, दूध जाऊ दे. कोरा असला तर कापड पातेल्यावर ताणून बांधायचं आणि वरनं उकळतं पाणी सोडायचं. लोखंडाच्या गंजाला लिंबू-मीठ लावून उन्हात. तेलाला पाणी दाखवायचंच नाही, आधी बेसन. "आन चिखलाला?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "चिखलाला काय न्हाई. गप बसायचं. वाळला की आपसूक झडतोय. माणसाला गप बसवत न्हाई, म्हणून चिखल पसरतोय."

डाग घालवणं सोपं असतं, असं त्यांचं म्हणणं. अवघड काय, तर माणसाकडनं खरं काढून घेणं. लोक डागाबद्दल खोटं बोलतात, मग औषध चुकतं आणि डाग पक्का होतो. मागच्या गल्लीतले एक रिटायर मास्तर पांढरा सदरा घेऊन आले, म्हणाले कॉलरला शाई लागलीय. आक्कांनी डोळा मिटून बघितलं आणि चार बायकांसमोर म्हणाल्या, "मास्तर, शाई मानंच्या मागं कशी लागंल? डाय हाय ही." त्यानंतर कितीतरी दिवस मास्तर आमच्या गल्लीतनं गेले नाहीत, मागच्या रस्त्यानं जायला लागले.

मलाही एकदा असंच धरलं. मित्राच्या घरी जेवून आलो होतो. खिशावर डाग. मी म्हटलं आमटी सांडली. आक्कांनी वास घेतला नाही, काही नाही. नुसतं बघितलं. "आमटीचा डाग मधी दाट असतो. ह्याचं तेल कडंला पळालंय. तांबडी तर्री हाय ही, मटणाची." जन्मात मटण न बघितलेली बाई. मी खाली मान घालून उभा. "मी खाऊ नको म्हणले का तुला? मग खोटं कशाला बोलतोस?" एवढंच म्हणाल्या आणि बेसन लावायला बसल्या. मला लय लाज वाटली.

हे वेड त्यांना कुठनं लागलं, ते मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गोष्ट वेगळी. एकदा म्हणाल्या, लग्नाच्या हळदीत सासूबाईंच्या पांढऱ्या लुगड्याला हळद लागली, यांनी नव्या नवरीच्या उत्साहात साबण चोळला, आणि डाग लालभडक झाला. मांडवात रक्त सांडलं म्हणून बायका ओरडल्या. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे त्या पोरीला काय ठाऊक? पुढच्या वेळी सांगितलं तेव्हा ते लुगडं नव्हतं, नवरदेवाचं उपरणं होतं, आणि साबण यांनी नाही, नणंदेनं चोळला होता. तिसऱ्या वेळी तर लग्न त्यांचं नव्हतंच, थोरल्या बहिणीचं होतं. शेवट मात्र तिन्ही वेळा एकच. खळखळून धुतलं, दोन दिवस उन्हात टाकलं आणि सगळं साफ गेलं. मी म्हटलं, आक्का, खरं काय ते एकदा सांगा. "गेला ना डाग? मग झालं," म्हणाल्या.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा माझा गाढवपणा कुणाला कळायचा नाही. एका उन्हाळ्यात मी नवा कोरा पांढरा शर्ट घालून आलो. आक्का म्हणाल्या, "डाग हाय." मी म्हटलं कुठं? वहिनींनी बघितलं, त्यांनाही दिसेना. आक्का म्हणाल्या, "शहाळं. शहाळं प्यालास का?" प्यालो होतो. "आज दिसायचा न्हाई. पंधरा दिसांनी वर येतोय." मी मनात म्हटलं, म्हातारी काहीही बोलते. शर्ट घडी करून ठेवून दिला. एका लग्नाला निघताना काढला, तर छातीवर हे एवढे तपकिरी ठिपके. त्या दिवसापासनं मी कानाला खडा लावला. आक्कांना दिसला म्हणजे आहे. आपल्याला दिसत नसला तर दोष आपला.

तर, दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. मी फाटकातनं आत आलो. थांब. थांबलो. डोळा मिटून बघितलं. "खिशाच्या वर. करडा डाग हाय. कशाचा?"

मी बघितलं. काही नव्हतं. आठवायला लागलो. शहाळं नाही, उसाचा रस नाही. "माहीत नाही, आक्का."

"दिसतोय का तुला?"

आणि मी म्हटलं, "हो, थोडा दिसतोय."

का म्हटलं? देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही. शहाळ्याच्या वेळी तोंडघशी पडलो होतो, तसं पुन्हा नको, असंही असेल. आक्कांनी शर्ट धुतला. वाळल्यावर बघितला आणि म्हणाल्या, "गेला न्हाई. सरकलाय." दुसऱ्यांदा धुतला. मग सोडा. मग लिंबू. चौथ्या धुण्याला शर्ट विरायला लागला. "असला डाग मी बघितला न्हाई," आक्का म्हणाल्या, "हितं घासलं की तिथं जातोय. पळतोय रं ह्यो." त्यांच्या आवाजात भीती होती. मला वाटलं, त्यांना हार मानवत नाही म्हणून.

मग तो डाग सगळ्यांच्या कपड्यांवर पडायला लागला. वहिनींच्या पोलक्यावर. उशीच्या अभ्र्यावर. एक दिवस माझ्या गालावर. पदर ओला करून त्यांनी माझा गाल पुसला आणि म्हणाल्या, "तोंड धुऊन तरी ये की रं." आरशात बघितलं. स्वच्छ.

मी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, तुम्हाला दिसतात का हो हे डाग?"

"न्हाई बा. तुमाला?"

"मलाही नाही."

वहिनींनी थोडा विचार केला. "आक्कांना दिसतोय म्हंजे असंलच. त्यांचा डोळा काय आपल्यागत हाय व्हय?"

मला ते पटलं. इतकं पटलं की मी जाऊन माझेच डोळे तपासून आलो. हसू नका. चष्म्याच्या दुकानात बसून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा वाचली. दुकानदार म्हणाला, तुम्हाला चष्मा कशाला पाहिजे? मी त्याला काय सांगणार? मला डाग दिसत नाहीत म्हणून आलोय?

मग दाराची भानगड झाली. आक्कांनी सुतार बोलावला, की दाराची चौकट मधे वाकलीय. सुतारानं ओळंबा लावला, दोरी सरळ, चौकट सरळ. आक्का डोळा मिटून बघतायत आणि म्हणतायत, "तुझा ओळंबाच वाकडा हाय." सुतार जाताना मला फाटकाशी म्हणाला, "पाव्हणं, म्हातारीचं डोस्कं फिराय लागलंय. पोरीला कळवा."

हे डोक्याचं निघालं आणि मी गप्पच झालो. डोळ्याचं कुणाच्या मनातच आलं नाही. आक्का जिना उतरत होत्या, भाजी चिरत होत्या, रस्त्यातनं जाणारा माणूस ओळखत होत्या. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं ठीक. नीट बघायला डावा मिटला की घोटाळा. आज हे मला पाढ्यासारखं म्हणता येतं. तेव्हा कळलं नाही.

आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. आक्कांची लेक इस्लामपूरला दिलेली. ती दर रविवारी फोन करायची, आणि शेवटी मला फोन द्यायला सांगून विचारायची, "आई बरी आहे ना?" मी म्हणायचो, "एकदम मस्त, ताई." कारण ताईंना सांगितलं असतं की आईचं डोकं फिरतंय, तर त्या आईला इस्लामपूरला घेऊन गेल्या असत्या. घराला कुलूप. आणि मी पुन्हा खोली शोधत हिंडलो असतो. असं काही मी ठरवून केलं नाही. पण फोन हातात आला की हेच आधी मनात यायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज संध्याकाळी "दिसतोय का?" आणि रोज मी "हो, थोडा."

हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता तेव्हा, एका रविवारी सकाळी, तासगावहून एक बाई आली. द्राक्षबागायतदाराच्या घरातली, हातात शालूची पिशवी आणि आक्कांसाठी पुडीभर बेदाणा. आक्कांचं नाव कुणाकडनं तरी ऐकून आलेली, पहिल्यांदाच. लेकीचा लग्नाचा शालू, पदरावर पेनची शाई. आक्कांनी चौकशी केली, सॅनिटायझर काढला, खाली जुना टॉवेल घातला, कापसानं टिपून टिपून शाई उचलली. पाच मिनिटांत पदर साफ. बाईचा चेहरा खुलला. मी ओसरीच्या पायरीवर पेपर वाचत बसलो होतो, मलाही बरं वाटलं.

मग आक्कांनी डावा डोळा मिटला. "हितं बी हाय की," म्हणाल्या आणि काठाच्या वर टिपायला लागल्या. टिपून जाईना म्हणून ब्रश घेतला. घासायला लागल्या.

बाईनं आक्कांचं मनगटच धरलं. "आवं आक्का, काय करताय? तिथं कुठं डाग हाय?"

"हाय. करडा हाय. तुला दिसायचा न्हाई."

"मला का दिसायचा न्हाई? डोळं फुटल्यात का माझं? रंग निघालाय बघा शालूचा."

खरंच निघाला होता. डाळिंबी रंगावर रुपयाएवढा पांढरट चट्टा. समोरनं वहिनी येऊन उभ्या राहिल्या. आक्कांनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, "तू सांग. हाय का न्हाई?"

माझ्या तोंडाशी "थोडा आहे" आलं होतं. इतकी सवय झाली होती. पण त्या बाईनं आक्कांचं मनगट अजून सोडलं नव्हतं आणि शालू समोर पडला होता.

"नाही, आक्का."

"नीट बघ."

"नाही. काही नाही तिथं."

आक्कांनी डावा डोळा उघडला, चट्ट्यावरनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"कवापासनं न्हाई?"

मी वहिनींकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या. मी म्हटलं, "दसऱ्यापासनं."

आक्कांनी ब्रश डब्यात ठेवला. झाकण लावलं. त्या बाईला म्हणाल्या, "बाई, चुकलं माझं," आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी दाराबाहेरनं दोनदा हाक मारली, ओ दिली नाही.

मी त्याच दिवशी ताईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, आणि आम्ही तिघं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. तिथं एक चौकटीचौकटीचा कागद असतो. डावा डोळा झाकून तो बघायला दिला. डॉक्टरांनी विचारलं, "रेषा सरळ दिसतात का, आजी?"

"कडंच्या दिसत्यात. मधी वाकल्यात. आन बरोबर मधोमध डाग हाय." आक्का कागद डोळ्याजवळ नेऊन म्हणाल्या, "करडा होता. आता काळा झालाय. कशाचा हाय, डाक्टर?"

डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, म्हातारी सहज विचारतेय. आक्कांना मात्र खरोखर उत्तर हवं होतं. ते म्हणाले, "रक्ताचा, आजी. डोळ्याच्या पडद्याखाली नाजूक शिरा वाढल्यात, त्या पाझरतायत."

"रगताचा व्हय," आक्का म्हणाल्या. "मग ताजा असताना याया पायजे हुतं."

डॉक्टर एकदम त्यांच्याकडं बघायला लागले. "अगदी बरोबर. सुरुवातीलाच तुम्ही आला असता तर इंजेक्शननं थांबला असता. आता तिथं व्रण धरलाय. उजव्याचं मधलं दिसणं परत यायचं नाही. डाव्यातही सुरुवात आहे, तो मात्र आपण वाचवू. किती दिवसांपासनं होतंय हे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आक्काच आधी बोलल्या.

"झालं असतील आठ-पंधरा दिस."

"एवढ्यात नाही होत असं, आजी. काही महिने तरी झाले असणार."

"मला न्हाई कळलं."

ताई माझ्याकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही तर रोज बघत होता ना आईला? तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"त्याला काय जाणवणार?" आक्का म्हणाल्या. "त्यो दिसभर गोदामात."

आणि मी गप्प राहिलो. तिथं, त्या खोलीत, सगळ्यांसमोर. येताना गाडीत ताईंनी माझेच आभार मानले, तुम्ही वेळेवर फोन केला म्हणून.

आक्का इस्लामपूरला गेल्या नाहीत. घर सोडणार नाही म्हणून हटून बसल्या. मी अजून त्याच खोलीत राहतो. महिन्याच्या महिन्याला त्यांना मिरजेला इंजेक्शनला नेतो, डावा डोळा टिकून आहे. बायका अजून कपडे घेऊन येतात. आक्का आता डोळा मिटत नाहीत. कापड बोटांनी चाचपतात, वास घेतात, आणि समोरचं माणूस जे सांगेल ते खरं धरून चालतात. मास्तरांनी परवा डायला पुन्हा शाई सांगितलं, तर आक्कांनी सॅनिटायझर लावून सदरा मुकाट्यानं दिला परत. ते बघून मला गलबलून आलं. संध्याकाळी फाटक उघडलं की मी आपणच थांबतो. "थांब" कुणी म्हणत नाही.

त्यांनी मला का वाचवलं, हे मला समजत नाही. राग आला होता का? मग बोलल्या का नाहीत? माया होती म्हणावं, तर त्या दिवसापासनं मला डाग का विचारत नाहीत? की लेकीनं मला घालवलं तर आपल्याला इस्लामपूरला जावं लागेल, असा त्यांचाही हिशेब होता? मी विचार करकरून थकलो. वहिनी म्हणतात, "जाऊ द्या की आता." पण जात नाही ते.

गेल्या महिन्यात इंजेक्शन देऊन आणलं. त्या दिवशी डाव्या डोळ्यावर पट्टी असते, नुसत्या उजव्यावर असतात. ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून मी म्हटलं, "आक्का, एक विचारायचं होतं. त्या दिवशी डॉक्टरांना तुम्ही..."

"समोर बसू नगो," आक्का म्हणाल्या. "समोर बसलास की तू दिसत न्हाईस. तिथं काळंच दिसतंय. बाजूला सर."

मी सरकलो.

"आजून."

आणखी सरकलो, पार खांबापर्यंत. आक्कांनी तोंड भिंतीकडं केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावली, आणि थोडा वेळ तसंच बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता दिसलास. काय विचारत हुतास?"

"काही नाही," मी म्हटलं.